तुसाच्या राखेचा साकव

बांधकामाच्या ऑफिसात उभी नोकरी काढली की माणसाकडे दोनच गोष्टी उरतात. गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांना तेल तरी लावता येतं, किस्स्यांचं काय करणार? परसात पाचोळा साठतो तसे ते साठत राहतात. कुणी नुसतं "गायकवाड, तुमच्या वेळी..." एवढं म्हटलं की संपलं! मग माझा चहा गार होतो आणि समोरच्याचा वेळ जातो.

परवा माझा नातूच सुरू झाला. तो इंजिनिअर आहे. म्हणाला, "आजोबा, सिमेंटच्या भट्ट्यांमुळे हवेत केवढा कार्बन जातो, कल्पना आहे का? आम्ही आता सिमेंट कमी करून त्यात राख घालतो."

मी म्हटलं, "बाळा, तू पाळण्यात नव्हतास तेव्हा आम्ही कर्जतला राख घालून बसलो होतो! तुम्हाला हवेची काळजी. आम्हाला सिमेंटच मिळत नव्हतं!"

तो हसला. मी मात्र हसलो नाही. त्या उन्हाळ्यातला एकेक दिवस मला अजून आठवतो.

* * *

सिमेंट परमिटवर मिळायचं तो काळ. मी कर्जतच्या सबडिव्हिजनला ओव्हरसियर होतो. आमचे डेप्युटी इंजिनिअर लेले साहेब. माणूस सज्जन, हुशार आणि अतिशय घाबरट. ऑफिसला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत यायचे, कुलूप ओढून बघायचे, पुन्हा निघायचे. पिंपळापर्यंत गेले की मला म्हणायचे, "गायकवाड, ओढलं ना मी कुलूप?"

कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडे एक गाव होतं. ओढ्याच्या या बाजूला गावठाण आणि शाळा, पलीकडे बौद्धवाडी. पावसाळ्यात ओढा असा फुगायचा की वाडीतली पोरं बापाच्या खांद्यावर बसून शाळेत यायची. बाप कामावर गेलेला असला की एकमेकांचा हात धरून यायची. आदल्या पावसात दोन पोरं पाय सटकून वाहत गेली. करंजाच्या मुळीला अडकली म्हणून हाती लागली. त्यातला एक बाळ्या, माझ्या पारूआत्याचा नातू.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घर खालापूर तालुक्यातलं, आत्या या वाडीत दिलेली. बाळ्या वाचला त्या दिवशी तिनं मला निरोप धाडला नाही, स्वतः चालत कर्जतला ऑफिसात आली. ओल्या लुगड्यानं माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"तू या हापिसात बसतोस ना रं? मंग फुडच्या पावसाच्या आदी साकव झाला पायजे. नायतर मला तोंड दावू नको."

साकव मंजूर झाला. लोखंड आलं, खडी आली. सिमेंट आलं ते अपुरं! उरलेलं कधी मिळेल म्हणून चौकशी केली तर उत्तर आलं, पावसाळ्यानंतर बघू.

लेले साहेबांनी कुठंतरी वाचलं होतं. भाताचा तूस बेतानं जाळला, राख बारीक दळली, तर थोडं सिमेंट कमी करून तिथं ती राख चालते. तुसाला कर्जतात काय तोटा? एकेका भातगिरणीमागे डोंगर! साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं.

"गायकवाड, चार पोत्यांत एक पोतं राखेचं घालायचं म्हणतोय. मला भीती वाटतेय हो. पण हे बाहेर कुणाला कळता कामा नये."

"नाही कळणार, साहेब."

तेवढ्यात दार ढकलून शिपाई आत आला. "साहेब घाबरल्यात म्हनून लिंबू-पानी आनलंय!"

साहेबांची भीती सगळ्यांना दिसायची. माझी कुणाला दिसत नव्हती, कारण मी दिसू देत नव्हतो. साहेब चुकले तर त्यांची बदली होणार. मी चुकलो तर? आमच्या घराण्यातला मी पहिला डिप्लोमा. "याला ओव्हरसियर केलं, मग दुसरं काय होणार!" असं म्हणायला टपून बसलेली दोन-तीन माणसं त्याच ऑफिसात माझ्याशेजारी बसत होती. आणि साकव पडला तर खाली कोण असणार होतं, तेही मला ठाऊक होतं.

* * *

राख म्हणजे नुसतं पेटवलं आणि झालं, असं नव्हतं. तूस कमी जळला तर राख काळी. जाळ फार झाला तर पांढरी फटक, दिसायला देखणी, पण सिमेंटच्या जागी काही उपयोगाची नाही. आम्हाला पाहिजे करडी. आम्ही दोघं गिरणीमागच्या त्या ढिगापाशी बसून असायचो. धुरानं डोळे लाल. कर्जतात बोलवा उठली की लेले साहेबांच्या घरात काहीतरी दुःख झालंय.

शेवटी एक घाणा मनासारखा जमला. साहेबांनी ती राख लोणच्याच्या बरणीत भरली आणि ऑफिसच्या खिडकीत ठेवली. "नमुना आहे. पुढची राख याच रंगाची पाहिजे."

आठवड्याभरात बरणी अर्ध्यावर आली! साहेबांचा चेहरा पडला. कुणीतरी मुद्दाम घातपात करतंय, वरपर्यंत तक्रार जाणार, चौकशी लागणार, इथवर त्यांचा विचार पोचला.

चौकशी मीच केली, साहेब माझ्या मागोमाग होते. आमचा वॉचमन धोंडू सकाळी विहिरीवर दात घासत होता. तळहातावर करडी राख.

"अरे धोंडू, ती नमुन्याची राख आहे!"

"मंग? राखुंडी म्हनून लई ब्येस हाय. बगा की दात!" धोंडूनं दात दाखवले. "आन् साहेब, माजी खालची दाढ हालत व्हती. ती बी घट्ट बसली!"

मी साहेबांकडे पाहिलं. वाटलं, आता हा गरीब माणूस सस्पेंड होतोय. साहेब धोंडूच्या अगदी जवळ गेले, वाकून तोंडात बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "कितव्या दिवशी बसली?"

* * *

करडी राख जमली, पण ती दळायची कुठं? कर्जतात राख दळायचा कारखाना कुठून आणणार? साहेब म्हणाले, पिठाची गिरणी आहे की!

गिरणीवाल्या अण्णांना आम्ही हातापाया पडून तयार केलं. गिऱ्हाईक संपलं की आमची राख दळायची, नंतर जातं नीट झाडायचं, वर थोडं धान्य दळून टाकून द्यायचं, असं ठरलं. अण्णांनी राख दळली. जातं झाडलं. धान्य दळून टाकायचं मात्र विसरले.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. सकाळी गिरणीवर पहिलं दळण आलं ते मामलेदारांच्या घरचं. उकडीच्या मोदकांची तांदळाची पिठी!

रात्री चंद्रोदय झाला आणि उजाडताच मामलेदारांचा पट्टेवाला ऑफिसात हजर. "दोघांना बंगल्यावर बोलावलंय."

वाटेत साहेबांनी मला दोनदा विचारलं, "राखेचं कळलं असेल का हो?" मी म्हटलं, "नाही साहेब, सहज बोलावलं असेल." स्वतः मात्र शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं. मामलेदार म्हणजे तेव्हा तालुक्याचा राजा!

मामलेदार व्हरांड्यात बसले होते. पुढ्यात बशी. बशीत एक मोदक, रंग हत्तीच्या कातडीचा. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

"लेले, खा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. साहेबांनी मोदक उचलला आणि सगळाच्या सगळा खाल्ला. गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मामलेदार म्हणाले, "आता नीट ऐका. तो तुमचा साकव पडला तर दुसरा खावा लागेल."

बंगल्याच्या पायऱ्या उतरताना साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "गायकवाड, साकव पडता कामा नये हो. दुसरा नाही जाणार मला!"

* * *

काँक्रीटची ताकद बघायला त्याचे चौकोनी ठोकळे पाडतात, पाण्यात भिजत ठेवतात आणि मग मशीनमध्ये दाबून फोडतात. किती जोरानं फुटला त्यावर ताकद ठरते. आमच्याकडे कुठलं मशीन! ठोकळे मुंबईला पाठवायचे. आम्ही राखेचे ठोकळे करून साइटवरच्या टाकीत बुडवून ठेवले. साहेबांचा जीव त्या टाकीत. येता-जाता बाही वर करून पाण्यात हात घालायचे आणि एकेक ठोकळा चाचपायचे.

एक दिवस हात घातला तर तीन कमी!

साहेब मटकन खडीच्या ढिगावर बसले. "मुंबईला काय पाठवू? साकव कसा टाकू? पाऊस येईल हो!" मला त्यांची दया आली आणि स्वतःची त्याहून जास्त. कारण आत्या वाडीतून रोज ओढ्याच्या काठावर येऊन कामाकडे बघायची आणि काही न बोलता परत जायची. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

ठोकळे लगेच सापडले. काँट्रॅक्टर बाबूशेटच्या कामावरच्या बायांनी करंजाखाली स्वयंपाक मांडला होता. चुलीचे तीन दगड म्हणजे आमचे तीन ठोकळे! वर भाताचं पातेलं रटरटत होतं.

साहेब ओरडले, असे ओरडलेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "अहो बाई, हे मुंबईला टेस्टिंगला जायचे होते!"

बाई शांतपणे भात ढवळत म्हणाली, "तितं न्हेऊन काय करनार व्हते?"

"फोडणार होते!"

बाईनं डाव खाली ठेवला. "अगं बया! फोडायलाच न्ह्यायचे, आन् आमी नुसतं पातेलं ठेवलं तर तुमी येवडं वराडताय?"

भात झाल्यावर तिनं आम्हा दोघांना द्रोणात वाढला.

* * *

उरलेले ठोकळे बाबूशेटच्या टेंपोतून मुंबईला गेले. निकाल विचारायला साहेबांनी पोस्टातून ट्रंककॉल लावला. लाइन अशी की पलीकडच्याचं ऐकू येत नाही, आणि आपण बोलू ते बाजारपेठेत ऐकू जातं.

"हॅलो! ठोकळे फुटले का?" साहेब ओरडले. "कमी ताकदीला फुटले? किती कमी?"

पोस्टातल्या रांगेनं माना वळवल्या.

"कच्चे आहेत म्हणता? पुढे वाढेल? नक्की वाढेल का? हॅलो! वाढेल असं वाटतं म्हणजे काय? कुणाला वाटतं?"

लाइन तुटली. साहेब रिसीव्हर हातात धरून तसेच उभे राहिले. राखेचं काँक्रीट सावकाश पिकतं, सुरुवातीला कमी भरतं, पुढे भरून काढतं, हे आम्ही वाचलेलं होतं. वाचणं वेगळं आणि त्यावरून पोरं चालवणं वेगळं!

आम्ही पोस्टाच्या पायऱ्या उतरलो तेवढ्यात भाजीवाल्या मावशींनी साहेबांना हाक मारली. "साहेब, जीव नका लावू येवडा. माजा मदला बी कच्चाच व्हता. सातवीत दोनदा बसला. आता सोसायटीत सेक्रेटरी हाय!"

साहेब मला म्हणाले, "टाकू या स्लॅब." सेक्रेटरीमुळे टाकला की पावसाच्या धास्तीनं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

* * *

स्लॅब टाकायच्या दिवशी नारळ फुटला, गूळ वाटला, बाबूशेटनं कामगारांसाठी कोंबडी शिजायला टाकली. बाबूशेट एरवी प्रत्येक कामावर आपल्या नावाची पाटी लावणारा माणूस. त्या दिवशी पाटी टेंपोतच ठेवली. ज्याला त्याला सांगत होता, "आपन नुसतं घमेली उचलायला हाय हां. डोकं साहेबांचं!"

गावठाणातले लोक काठावर बसून बघत होते. फळ्यांवर काँक्रीट पसरत गेलं आणि कुजबुज सुरू झाली. एरवीचं काँक्रीट राखाडी दिसतं. आमची राख कोरडी असताना करडी, ओली झाली की काळी, म्हणून हे काळंशार!

"ह्ये काय रं, तव्याच्या बुडावानी!"

"राख कालवलीया म्हनं. राखेवर कुनी उभं ऱ्हातं व्हय?"

"मसनातली तर नसंल?"

एकेक वाक्य साहेबांच्या कानात शिरत होतं आणि ते रुमालानं मान पुसत होते. मी थापी हातात घेऊन कामगारांत मिसळलो होतो, म्हणजे कुणाशी बोलायला लागू नये.

इतक्यात पलीकडच्या काठावरून आत्याचा आवाज आला. तिचा आवाज असा की ओढा फुगलेला असला तरी पोचेल.

"लेकराला नजर लागू नये म्हनून आपन काळी तीट लावतो ना गं? ह्यो तर अख्खाच काळा हाय. याला कुनाची बी नजर लागायची नाय!"

बाया हसल्या. गावठाणातलेही दोघं-तिघं हसले. कुजबुज थांबली. साहेबांनी हळूच मला विचारलं, "त्या बाई कोण हो? रोज येतात का इथे?"

"माझी आत्या आहे, साहेब."

"मग त्यांना सांगा की, रोज या!"

* * *

ताजा स्लॅब सुकू द्यायचा नसतो. त्यावर मातीचे छोटे बांध घालून आळी करतात आणि त्यांत पाणी भरून ठेवतात. राखेच्या स्लॅबला तर जास्तच दिवस पाणी पाहिजे. बाबूशेटचा माणूस पाणी मारायला यायचा, कधी यायचा नाही. मी सायकल मारत जायचो आणि कोरडी आळी दिसली की चपला काढून स्वतःच बादल्या ओतायचो.

एकदा मी दुसऱ्या कामावर अडकलो आणि काही दिवस जाणं झालं नाही. साहेबांना घेऊन गेलो तर लांबूनच स्लॅब हिरवा दिसला.

"शेवाळं?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज चिरकला.

शेवाळं नव्हतं. भाताची रोपं होती! दाट, टवटवीत, बोटभर वर आलेली. आणि कडेला गावठाणातले नामाबाबा तांब्यानं अलगद पाणी घालत बसले होते.

"बाबा, हे काय केलंत!"

नामाबाबांना प्रश्नच कळला नाही. आमच्या भागात राब भाजतात, म्हणजे जमीन भाजून त्या राखेत भात पेरतात. त्यांनी हाताच्या बोटांवर सगळं मोजून दाखवलं. "राख हाय. बांध हाय. पानी हाय. वर मालकाचा पत्या नाय! म्हनलं जागा कशापायी वाया घालवायची? चार मुठी माती टाकली, मोड आलेलं भात टाकलं. रोज दोन येळा पानी देतो. येक दिस चुकवला नाय!"

साहेब गुडघ्यांवर बसले आणि रोपांच्या बुडाशी बोट घालून चाचपायला लागले. "गायकवाड, मुळं आत जातील का हो?"

मी आळ्यांकडे बघत होतो. काठोकाठ भरलेली. आमच्या उभ्या तालुक्यात कुठल्याही स्लॅबला इतकं इमानेइतबारे पाणी मिळालं नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "उपटायला सांगू नका."

साहेबांनी बोट पुसलं. नामाबाबांना नमस्कार केला आणि विचारलं, "बाबा, लावणी कधी करता?"

"पाऊस पडला की."

"मग तोपर्यंत राहू द्या!"

पहिल्या दोन सरी पडताच नामाबाबांनी आपली रोपं जपून काढून नेली, आळी धुऊन दिली, आणि आम्हालाच बजावलं, फुडच्या साली परत राख टाका म्हणून.

* * *

मग तो दिवस आला. स्लॅबखालचे टेकू काढले. मी स्वतः खाली उभा राहून काढून घेतले, प्रत्येक टेकू निघाला की दात आवळत. साकव उभा राहिला. पण नुसता स्वतःपुरता उभा राहणं आणि वर माणसं घेऊन उभं राहणं यात फरक असतो. स्लॅबच्या दिवशी पाडून मुंबईला पाठवलेल्या ठोकळ्यांचा निकाल आलेला नव्हता. डोंगरावर ढग उतरायला लागले होते आणि शाळा उघडली होती.

साहेब म्हणाले, आधी वजन ठेवून बघू. ओढ्याला लागूनच सरपंचांचं खळं, त्यात भाताच्या गोण्यांची थप्पी. साहेबांनी हात जोडून विनंती केली. "सरपंच, गोण्या साकवावर रचू, दिवसभर ठेवू, संध्याकाळी जशाच्या तशा परत."

सरपंच हसले. "आन् साकव बसला तर? समदा भात पान्यात! नाय बा. राखेवर मी भात नाय ठेवायचा."

गावठाणातले आणखी दोघं-चौघं होते. कुणीच गोणी दिली नाही. साहेब म्हणाले, मग वाळूची पोती भरून आणतो, उद्या बघू. पण लोक जमले होते. काठावर पन्नासेक माणसं तरी असतील, पताका लागल्या होत्या, पेढे आले होते. पेढे आलेले असताना उद्या कोण थांबतो?

सरपंच पुढं झाले, पलीकडच्या काठाकडे बघत हात उंचावला आणि मोठ्यानं म्हणाले, "साकव वाडीसाठी बांदलाय! तवा पयला मान बौद्धवाडीचा! येऊ द्या रं पोरास्नी! शाळंला उशीर व्हतोय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या कानशिलांत आग झाली. याच ओढ्यावर माझ्या आत्याच्या सासूला खालच्या अंगाला थांबून पाणी भरावं लागायचं. वरच्या अंगाला पाय टाकायची सोय नव्हती. त्या ओढ्यावर आज पहिला मान! मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय सांगणार होतो? की मी बांधलेल्या साकवावरून पोरं सोडू नका? साहेब रुमालानं पुन्हा मान पुसायला लागले.

पलीकडे पोरं पाटी-दप्तर घेऊन ओळीनं उभी. सगळ्यांत पुढं बाळ्या. सरपंचांची हाक ऐकताच तो पळत सुटायला निघाला.

आत्यानं दोन्ही हात आडवे घातले. पोरं जागच्या जागी थांबली.

"सरपंच!" ती म्हणाली. "भात नाय दिलात, आन् पोरं मागताय?"

टाळ्या थांबल्या. सरपंचांनी इकडे-तिकडे पाहिलं. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. सगळे पायांकडे नाहीतर पाण्याकडे बघत होते.

मग आत्यानं मला बोट केलं. "तू ये रं. तितनं तू ये, हितनं मी येते."

मी निघालो. लेले साहेब माझ्यामागून आले, घाबरत घाबरत, पण आले. एक पाऊल त्यांनी साकवावर टाकलंसुद्धा. आत्यानं पलीकडून त्यांना हातानं थांबवलं.

"साहेब, तुमी ऱ्हावा तितंच. काय झालंच तर वर सांगाया कुनी पायजे ना!"

साहेब थांबले. मी चालत राहिलो. तो साकव काही मोठा नव्हता, पण मला संपता संपेना. पायाखाली काळा स्लॅब, त्याखाली खडकांवरून पाणी. समोरून आत्या येत होती, पदर खोचलेला, अनवाणी. बरोबर मध्यावर आम्ही समोरासमोर उभे राहिलो.

आत्यानं माझ्या जवळ येऊन, मला एकट्याला ऐकू येईल एवढ्याच आवाजात विचारलं, "आता खरं सांग. पोरांचं वजन घील ना ह्यो?"

मी तिच्याशी आजवर खोटं बोललो नव्हतो.

"नाय ठावं, आत्या."

तिनं मागं वळून पोरांकडे पाहिलं. मग माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "मंग आपट पाय. जोरात! पोरं यायच्या आदी!"